घेणाऱ्याचाही धर्म असतो

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

आपल्या दत्तसंप्रदायात दानाचा, त्यातही अन्नदानाचा महिमा फार मोठा. गुरुवारचा शिधा, पौर्णिमेचा महाप्रसाद, सप्ताहातली पंगत हे सगळं आपण भक्तिभावानं करतो. देणाऱ्यांची नावं अंकाच्या शेवटी छापतो, तेही योग्यच. पण ज्या देवाची आपण पूजा करतो त्याच्या खांद्याला काय आहे? झोळी. परंपरा सांगते की दत्तमहाराज स्नानाला काशीला जातात, निद्रेला माहूरला, आणि दुपारची भिक्षा मागतात ती करवीरक्षेत्री, म्हणजे आमच्या कोल्हापुरात. म्हणजे आपला देव रोज कोणाच्या तरी दारात उभा राहून घेतो. आपण मात्र घेण्याबद्दल फारसं बोलत नाही. कसं घ्यावं, किती घ्यावं, काय घेऊ नये, घेतल्यावर आपण काय देणं लागतो, याचा विचार करायची वेळ धडधाकट माणसावर सहसा येत नाही. माझ्यावर ती यंदा आली, म्हणून हे चार शब्द.

मी सांगलीची. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, वय सहासष्ट. यंदा उन्हाळ्यात जिना चढताना दम लागू लागला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सातवर आलेलं. रक्त जातंय कुठे म्हणून दुर्बिणीनं तपासणी केली, तेव्हा मोठ्या आतड्यात गाठ निघाली. आषाढात ऑपरेशन झालं. गाठीजवळच्या काही ग्रंथींमध्येही रोग पोहोचला होता, म्हणून डॉक्टरांनी केमोथेरपी सांगितली. आठ सायकल, दर एकवीस दिवसांनी एक. श्रावणात सुरुवात झाली. हे लिहितेय तेव्हा पाच झाल्या आहेत, तीन राहिल्या आहेत.

ज्यांच्या घरात हे आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पहिल्या दिवशी दवाखान्यात सलाईनमधून ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध देतात. दोनेक तास ते चालतं, पण तपासण्या आणि आधीची इंजेक्शनं धरून सगळा दिवस जातो. मग चौदा दिवस घरी सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, त्याही जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. मग सात दिवस विश्रांती. पहिल्या औषधामुळे थंड वस्तूला हात लावला की बोटांत मुंग्या येतात, गार पाणी घशाला टोचतं. गोळ्यांमुळे तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात. माझे केस मात्र गेले नाहीत, त्यामुळे रस्त्यात भेटणाऱ्याला वाटतं, हिला काय झालंय? चौथ्या सायकलनंतर प्लेटलेट्स कमी आल्या, म्हणून पाचवी एक आठवडा पुढे गेली.

एवढ्यात संसार काही थांबत नाही. दूधवाला येतो, गॅस संपतो, नातवाची सहामाही परीक्षा येते. तीन आठवड्यांचं आमचं आता एक पंचांगच झालंय. पहिला आठवडा वाईट, तेव्हा मी नुसती पडून. दुसऱ्यात उठबस, भाजी निवडणं, नातवाचे पाढे. तिसऱ्यात जरा माणसात येते, पोळ्या लाटते, बँकेचं काम करते. लग्न, बारसं, पाहुणे यांना हो म्हणायचं का, हे मी आधी कालनिर्णयवर खुणा बघून ठरवते.

नेमाचा प्रश्न पहिल्याच गुरुवारी उभा राहिला. इतकी वर्षांचा उपवास, आणि गोळी उपाशीपोटी चालत नाही. नृसिंहवाडीचे आमचे उपाध्ये आहेत, त्यांना ह्यांनी फोन केला. ते म्हणाले, "काकूंना सांगा, पोटभर जेवून वेळेवर गोळी घ्यायची, हाच आता गुरुवारचा नेम. मोडायचा नाही." मला ते पटलं. श्रीगुरूंनी नरहरी नावाच्या कुष्ठरोग्याला औदुंबराचं वाळकं लाकूड दिलं आणि रोज पाणी घालायला सांगितलं, ही गुरुचरित्रातली कथा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. लोक हसले, तरी तो घालत राहिला. पालवी कधी फुटणार, हे विचारत बसला नाही. गोळ्यांचंही तसंच आहे. आत काय चाललंय ते दिसत नाही, पण पाणी घालायची वेळ चुकवायची नाही. सोवळं, चटईवर झोपणं, अनवाणी प्रदक्षिणा हे सगळं नेमाचं शरीर आहे. सांगितलेलं रोज मनापासून करणं हा त्याचा जीव. शरीर बदललं तरी जीव राहू शकतो.

खरा कठीण प्रश्न नेमाचा नव्हता, घेण्याचा होता.

ऑपरेशनच्या आधी मला रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. पिशवीवर नंबर होता, रक्तगट होता, तारीख होती. नाव नव्हतं. आपल्या देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून ती अमलात आली. रक्तपेढीत आपण भरतो ते तपासणीचे आणि साठवणुकीचे पैसे. रक्ताला किंमत नाही, ते फक्त दान म्हणूनच मिळतं. कोणत्या तरी शिबिरात, कोणत्या तरी मुलानं किंवा बाईनं हात पुढे केला असेल, त्याला माझं नाव माहीत नाही, मला त्याचं नाही. थेंब थेंब पडताना मी बघत होते. आयुष्यभर वाढणाऱ्या बाजूला उभी राहिलेली मी, त्या दिवशी पानावर बसले होते, आणि वाढणारा दिसत नव्हता.

देणं सोपं असतं असं मी म्हणत नाही. पण देताना हात वर असतो. आपण सुखरूप आहोत, आपल्याकडे आहे म्हणून देतोय, ही जाणीव देणाऱ्याला आतून बळ देते. घेणाऱ्याकडे ते बळ नसतं. म्हणून पुष्कळ आजारी माणसं घेतच नाहीत. "कशाला त्रास? जमेल माझं मी," म्हणतात, आणि एकटी रिक्षा करून केमोला जातात. आमच्या नात्यातले एक गृहस्थ शेवटपर्यंत तसेच गेले. स्वाभिमानी म्हणून सगळे कौतुक करत. त्यांची मुलगी मात्र आजही म्हणते, "बाबांनी मला काही करूच दिलं नाही." हे मी विसरू शकत नाही. घेणं नाकारताना आपण कोणाला तरी दारातून परत पाठवत असतो.

आता अनसूयामाता आठवा. तिन्ही देव तिच्या दारी आले ते मागायला आले. मागितलं म्हणून तिचं दान घडलं, आणि त्या दानातून दत्तात्रेय आपल्याला मिळाले. मागणारे आलेच नसते, तर तिचं सत्त्व जगाला कसं कळलं असतं?

दुसरी कथा घेवड्याच्या वेलाची. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ अमरापुरी एक दरिद्री ब्राह्मण राहायचा. ज्या दिवशी भिक्षा मिळायची नाही त्या दिवशी दारातल्या वेलाच्या शेंगांवर घर चालायचं. श्रीगुरू त्याच्याच दारी भिक्षेला गेले. गावात श्रीमंत घरं नव्हती का? पण ज्याच्याकडे फक्त शेंगा आहेत त्याच्याकडून शेंगा घेतल्या, म्हणजे "तूही देणारा आहेस" असं त्याला सांगितलं. पुढे त्यांनी वेल उपटला आणि मुळाशी धनाचा हंडा निघाला. त्या हंड्याबद्दल मला वेगळं बोलायचं आहे, ते नंतर.

आमच्याकडे भांडी घासायला मावशी येतात. पहिल्या सायकलनंतर चौथ्या दिवशी मला काहीच खावेना. मावशी दुसऱ्या दिवशी डब्यात जोंधळ्याच्या गरम कण्या घेऊन आल्या. "बाई, एवढं खावा. माझ्या आईला ह्येच ग्वाड लागायचं आजारपणात." त्यांच्या घरात पाच माणसं, कमावत्या त्या एकट्या. माझ्या मनात पटकन आलं, ह्यांना पैसे द्यावेत. मग श्रीगुरू आणि घेवडा आठवला. मी कण्या खाल्ल्या, डबा घासून न देता तसाच दिला, कारण आमच्याकडे रिकामा डबा घासून परत करणं म्हणजे हिशोब मिटवल्यासारखं. मावशींच्या मुलीला मी दहावीचं गणित शिकवते, ते आधीपासून चालू आहे. त्या शिकवणीचा आणि कण्यांचा हिशोब जोडायचा नाही, हे मी मनाशी पक्कं केलं. लगेच परतफेड करायची घाई झाली, की समोरच्याचं दान आपण व्यवहारात काढतो. काही ऋणं अंगावर राहू द्यावीत. त्यांनी माणूस नम्र राहतो.

पण मग किती घ्यायचं? याला काही मर्यादा आहे की नाही?

हा प्रश्न घरातच आला. दुसऱ्या सायकलला सूनबाई म्हणाली, "आई, मी नोकरी सोडते. तुमचं नीट होईपर्यंत घरी थांबते." ती मनापासून बोलत होती. मुलगा गप्प होता. ह्यांच्या चेहऱ्यावर मला सुटकेचा भाव दिसला, आणि तो मी समजू शकते, कारण सत्तरीच्या माणसाला कुकरच्या शिट्ट्या मोजणं सोपं नाही. हो म्हटलं असतं तर घर सुरळीत चाललं असतं. पण त्या मुलीनं बारा वर्षं खपून मिळवलेली जागा गेली असती, आणि माझे आठ सायकल संपल्यावर ती तिला कोणी परत दिली नसती.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वायू, आकाश, अजगर, कबुतर, आणि त्यात एक मधमाशी. भुंगा जसा एका फुलाला न ओरबाडता अनेक फुलांतून थोडं थोडं घेतो, तसं साधूनं घराघरांतून थोडं घ्यावं, कोणाला भार होऊ नये. म्हणून तर तिला मधुकरी म्हणतात. गाणगापुरात आजही भक्त पाच घरं मागतात. एकाच घरी बसून पोटभर जेवलं तर ती भिक्षा राहत नाही. अवधूत पुढे हेही सांगतो, की साठवू नये, कारण साठवलेला मध शेवटी दुसराच घेऊन जातो.

मला माझं उत्तर मिळालं. मी सूनबाईला म्हटलं, "नोकरी सोडायची नाही. मला तुझ्याकडून पाचातलं एकच घर हवंय." मग आम्ही कालनिर्णय घेऊन बसलो. केमोच्या दिवशी मुलगा रजा घेतो. पहिल्या आठवड्यातला दुपारचा डबा शेजारच्या वहिनींकडून, त्यांनीच विचारलं होतं. रात्रीचं सूनबाई बघते. सकाळचा चहा, वरणभात आणि गोळ्यांची वही हे बघतात, आणि आता त्यांचं वरण माझ्याहून चांगलं होतं असं नातू म्हणतो. रक्त तपासायला नेण्याचं काम शाळेतल्या माझ्या जुन्या मैत्रिणीनं घेतलं. अशी पाच घरं झाली. कोणाच्याच अंगावर मणाचं ओझं नाही, आणि कोणी दारातून परतही गेलं नाही.

पैशाचंही तसंच आहे. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, तिच्यातून कॅन्सरच्या अनेक उपचारांचा खर्च होतो. ज्याला गरज आहे त्यानं ते घ्यायला लाजू नये, कारण तेही समाजानं ठेवलेलं पान आहे. ज्याचं भागतंय त्यानं गरजेपुरतंच घ्यावं. मधमाशीचा नियम दोन्हीकडे लागू होतो.

भिक्षा मागणाऱ्यानं सगळंच झोळीत घ्यावं असंही नाही. आजारी माणसाच्या दारात देणारे फार येतात. कोणी काढे आणतं, कोणी पाल्याचा रस, कोणी "आमच्या ओळखीतल्याचा याच्यानंच बरा झाला" म्हणून पुड्या. माझा नियम एकच, डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, कारण केमोच्या औषधांबरोबर साधी दिसणारी गोष्टही बाधू शकते. आणणाऱ्याचं प्रेम मी घेते, पुडी बाजूला ठेवते.

काही जण दोष आणून देतात. "मागल्या जन्मीचं असेल." "वाडीची वारी चुकली होती का हो मध्ये?" हे मी घेत नाही. प्रारब्ध मी मानते. पण दुसऱ्याच्या प्रारब्धाचा जमाखर्च वाचायचा अधिकार कोणाला दिलाय? श्रीगुरूंकडे रोगी आला, तेव्हा त्यांनी त्याच्या हाताला काहीतरी काम दिलं, पुढचा रस्ता दाखवला. आपण नुसता मागचा जन्म दाखवून घरी जातो, त्याला काय म्हणावं?

आणि इथे तो हंडा. मला पुष्कळजण सांगतात, "काकू, वेल उपटला गेलाय ना, आता मुळाशी हंडा निघणार बघा." त्यांचा हेतू चांगला आहे. पण आजाराच्या मुळाशी हंडा असतोच, असं मी लिहिणार नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर केमो घेणारी तिशीतली एक मुलगी दोन सायकलनंतर यायची बंद झाली. तिच्या आईला हंड्याची गोष्ट सांगायची माझी छाती नाही. कथेतला वेल श्रीगुरूंनी उपटला होता, हंडा कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. आपल्याला ठाऊक नसतं. आपण एवढंच करू शकतो, की वेल उपटलेल्या घरात संध्याकाळी चूल पेटेल हे बघायचं.

मग घेणारा काय देणं लागतो? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली म्हणजे खरं बोलणं. "कसं वाटतंय?" विचारल्यावर नेहमी "छान" म्हणत राहिलं, तर मदत करणारा अंधारात राहतो. ताप शंभर पॉइंट चारवर गेला तर रात्री दोन वाजताही उठवायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय, कारण केमोत पांढऱ्या पेशी कमी असताना साधा तापही जिवावर बेतू शकतो. झोपमोड नको म्हणून गप्प बसणं हा समंजसपणा नव्हे. दुसरी, चिडचिड आवरणं. औषधानं तोंडाची चव जाते, वहिनींची भाजी मातीसारखी लागते. मातीची चव औषधाची आहे, वहिनींची नाही, एवढं लक्षात ठेवायला शक्ती लागते, आणि ती रोज असतेच असं नाही. तिसरी, जे आपल्याकडे उरलंय ते बंद न करणं. मला ओझं उचलता येत नाही, पण पाढे घेता येतात. गार पाण्यात हात घालता येत नाही, पण फोनवर कोणाचं ऐकून घेता येतं. दत्तांच्या झोळीतून काहीच बाहेर येत नाही असं कोण म्हणेल?

राहिलेला प्रश्न मात्र माझ्यानं सुटत नाही, तो आपल्या सगळ्यांपुढे ठेवते. ज्याला पाच घरं नाहीत त्यानं काय करायचं? केमोच्या वॉर्डात मला अशी माणसं दिसतात. खेड्यावरून पहाटेच्या एसटीनं एकटी येतात, सलाईन लावून घेतात, ओकाऱ्या दाबत शेवटच्या गाडीनं परत जातात. त्यांना "घ्यायला शिका" म्हणणं ही थट्टा होईल. त्यांच्या बाबतीत धर्म आपल्याकडे येतो. आपल्या प्रत्येक दत्तमंदिराशी जोडलेली शंभर-दोनशे घरं तरी असतील. महाप्रसादाला हजार पानं उठवणारे आपण, गावात केमो चालू असलेल्या एका माणसासाठी पाच घरं ठरवू शकणार नाही का? एक डबा, एक दुचाकी किंवा रिक्षा, सोबतीला एक माणूस, वर्षाकाठी एक रक्ताची पिशवी. अठरा ते पासष्टमधल्या निरोगी माणसाला रक्त देता येतं. मला आता ते कधी देता येणार नाही, म्हणून तरुणांना सांगते. मात्र रुग्णाकडे जाताना सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका, उघड्यावरची कापलेली फळं नेऊ नका, ताजं शिजवलेलं न्या, आणि दहा मिनिटांत उठा.

यंदा दत्तजयंतीला मी वाडीला जाणार नाही, गर्दी वर्ज्य आहे. आमच्याकडे सप्ताहाची पोथी हे वाचतात, मी ऐकते. पूर्वी स्वयंपाकघरातून एक कान देऊन ऐकायची. यंदा समोर बसून ऐकणार आहे. पाळण्याच्या वेळी वाडीचं तीर्थ मुलगा घेऊन येईल. ते गार चालत नाही, म्हणून हे उकळून, कोमट करून देतील. तीन सायकलनंतर तपासण्या आहेत, त्यात काय येईल ते महाराजांना ठाऊक. तोपर्यंत पळीभर कोमट तीर्थासाठी ओंजळ पुढे करायची, एवढं मला जमतं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.